टीव्ही किती इंची, किती फुटांवरून?

टीव्हीचे इंच तिरके, म्हणजे कर्णावर मोजतात. त्यामुळे ५५ इंची पडद्याची रुंदी प्रत्यक्षात सुमारे १२२ सेंटिमीटरच भरते. पडद्याने नजरेसमोर साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा रूढ संकेत आहे. हिशेबाने त्यासाठी बसण्याचे अंतर कर्णाच्या १.६ पट येते: ४३ इंचीला पावणेसहा फूट, ५५ इंचीला सव्वासात. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल, तर ४० अंश धरून १.२ पट पुरते. अंतर पडद्यापासून बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत मोजायचे. खोलीची लांबी इथे कामाची नाही.

रिझोल्यूशनचा प्रश्न अखेर डोळ्याच्या मर्यादेशी येतो. निरोगी डोळ्याला साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखता येतो. ५५ इंची फुल एचडी पडद्यावर (१९२० × १०८०) एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो आणि सात फुटांच्या पुढून तो सुटा दिसत नाही. म्हणजे त्याच आकाराच्या फोर-के टीव्हीतले चौपट पिक्सेल दहा फुटांवरच्या सोफ्यावरून जवळपास वायाच जातात. दुकानात फरक डोळ्यांत भरतो, कारण तिथे गिऱ्हाईक पडद्याला खेटून उभे असते. एट-केसाठी जास्त पैसे मोजणे तर बहुतेक दिवाणखान्यांत व्यर्थच.

उलट बाजूही आहे. ५७६ ओळींची एसडी वाहिनी मोठ्या पडद्यावर जवळून धूसर दिसते. टीव्ही फोर-के असला तरी प्रक्षेपणात नसलेला तपशील त्यात येत नाही.