नानींना वाचता येईल अशी पत्रिका

गेल्या वर्षी घरातल्या मुलीचा निकाह ठरला. पत्रिका उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापायची होती. नमुना मोबाइलवर आला. सोनेरी वेलबुट्टी पाहून आम्ही खूश झालो आणि लगेच होकार कळवला. पत्रिका छापून आल्यावर पहिली नानींच्या हातात दिली. नानींना फक्त उर्दू वाचता येतं. चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "बेटा, यात दुल्हनचं नाव कुठं आहे?"

नाव होतं, पण त्याची अक्षरं एकमेकांपासून सुटलेली आणि क्रमही उलटा, डावीकडून उजवीकडे. छापखान्यातल्या संगणकाला उर्दू जोडता आली नव्हती. शाळेत मुलांना उर्दू-मराठी शिकवणाऱ्या आम्हीही प्रूफ नीट वाचलं नव्हतं. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. त्या निमित्ताने जे शिकलो, ते इथे सांगतो.

उर्दूचं घरचं वळण म्हणजे नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत येतो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो. शिशाच्या खिळ्यांत हे बसवणं फार अवघड होतं. म्हणून उर्दू पुस्तकं आणि वर्तमानपत्रं बराच काळ कातिबांच्या हस्ताक्षरातच छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून मोनोटाइप कंपनीचा 'नूरी नस्तालीक' आला आणि ही अडचण सुटली. उर्दूचं काम करणाऱ्यांकडे 'इनपेज'मध्ये तो मिळतो. मोफत हवा असेल तर गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' आहे. नस्तालीकच्या ओळींत मोकळी जागा ठेवा. ओळी दाटल्या की नुक्ते एकमेकांत घुसतात. 'खे' आणि 'जीम' यांच्यात फरक फक्त नुक्त्याच्या जागेचा. वरचा नुक्ता खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो.

मराठी मजकुरासाठी साधं, ठसठशीत पुस्तकी अक्षर निवडा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे एकेकाळी नावाजलेले होते. वाचकांच्या पिढ्यांना त्याच धाटणीच्या अक्षरांची सवय झाली. संगणकावरचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. पण तो पडद्यासाठीचा, पत्रिकेवर रूक्ष वाटतो. फॉन्ट घेताना तीन अक्षरं तपासा: ल, श आणि 'येणाऱ्या'मधला 'ऱ्या'. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि 'ऱ्या' तर मोडूनच जातो. नावाचं लेखन शाळेच्या दाखल्यावर असेल तसंच ठेवा. पत्रिकेवर 'जुबेदा' आणि पाकिटावर 'झुबेदा' असं व्हायला नको.

इंग्रजीसाठी जुने, मुरलेले टाइप बरे. लंडनच्या विल्यम कॅस्लनचा टाइप १७२० च्या दशकातला. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी आपल्या टाइपात पहिलं पुस्तक १७५७ मध्ये छापलं. एवढी वर्षं लोक ही अक्षरं न अडखळता वाचत आले, हाच त्यांचा मोठा गुण. लपेटदार टाइप एखाद्या ओळीला शोभतो. पत्ता आणि वेळ मात्र त्यात लिहू नये.

आकाराचंही भान हवं. एकाच मापात देवनागरी मोठी आणि नस्तालीक बारीक दिसतो. आम्ही मराठी १२ पॉइंटमध्ये ठेवली, तर उर्दू १८ करावी लागली. पिवळसर कागदावर सोनेरी शाई दिव्याखाली चमकते आणि वाचता येत नाही. काळी किंवा गडद हिरवी चालते. पत्रिका पुढे रद्दीत जाणार याचा विचार करून पवित्र मजकूर छापायचा की नाही, हेही घरात आधीच ठरवावं.

फाइल छापायला देताना अक्षरं 'कर्व्ह' करून घ्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलत नाही. पण कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्रूफ त्याआधीच वाचा. तेही मोबाइलवर नव्हे. खऱ्या कागदावर एक प्रत काढून घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला द्या. काही न सांगता मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते अडखळतील, तिथे दुरुस्ती हवी.

दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. नानींनी पत्रिका खिडकीशी नेली, नातीचं नाव वडिलांच्या नावासकट वाचलं, मग तारीख वाचली आणि म्हणाल्या, "आता मला दावत मिळाली."