बूट शिवून घेताना पायाचे माप नीट द्या

आपल्या वस्तीत दिवसभर बूट घालून काम करणारे पुष्कळ आहेत. रात्रपाळीचे वॉचमन, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, वर्कशॉपमधले कामगार, रस्ता झाडणाऱ्या ताई, भरतीसाठी धावणारी मुले-मुली. दहा-बारा तास पाय बुटात कोंडलेला असतो. तरीही बूट घेताना आपण फक्त नंबर सांगतो. पाय आत गेला की पैसे देऊन मोकळे होतो. मग भोवरी, घट्टे, चिखल्या आणि काळी पडलेली नखे हे सगळे कामाचा भागच आहे असे मानून चालतो. यातला बराचसा त्रास चुकीच्या मापाचा असतो. म्हणून ज्यांना तयार बूट बसत नाही, त्यांनी मापाचा चामडी बूट शिवून घ्यावा. तो कसा घ्यावा ते या वेळी पाहू.

नंबर म्हणजे पूर्ण माप नव्हे

दुकानातला सहा, सात, आठ हा नंबर पायाची लांबी सांगतो. एका नंबरात आणि पुढच्या नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. पायाची रुंदी, पावलाचा उंचवटा, बोटांची जाडी यांबद्दल तो नंबर काही सांगत नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वाढलेला पाय पुढून पसरट असतो. असा पाय निमुळत्या बुटात मावत नाही, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. त्याने रुंदी थोडी मिळते, पण टाच मागे सरकते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही. टाचेला फोड येतो, बोटे पुढे आपटतात.

पायाचे माप आयुष्यभर एकच राहत नाही. वजन वाढले, वय वाढले की पाऊल पसरते. गरोदरपणानंतर अनेक बायांचा पाय कायमचा थोडा मोठा होतो. लग्नाआधीचा नंबर चाळिशीत सांगू नका.

बधिर पाय खोटे सांगतो

मधुमेह बरीच वर्षे असला, साखर ताब्यात नसली की पायाच्या नसा मंदावतात. मुंग्या येतात, मग हळूहळू स्पर्श आणि दुखणे कळेनासे होते. अशा माणसाला योग्य मापाचा बूट ढिला वाटतो, कारण पायाला बूट लागल्याचेच कळत नाही. घट्ट असला तरच काही जाणवते, म्हणून तो मुद्दाम घट्ट बूट निवडतो. दिवसभर चालतो, फोड फुटतो, मोजा रक्ताने भिजतो, आणि रात्री बूट काढल्यावर घरच्यांना दिसते. सर्जिकल वॉर्डात मी असे पाय पाहिले आहेत. आधी बुटाचा फोड, मग जखम, मग काळे पडलेले बोट. त्यानंतर निर्णय डॉक्टरांच्या हातात उरतो.

हे नवे ज्ञान नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात असे लोक तेव्हा मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोगाने नसा मरतात, दुखणे कळत नाही, आणि न कळलेल्या दाबाने, भाजण्याने, जखमांनी बोटे जातात. म्हणजे तिथे ना पाप होते, ना मागच्या जन्मीचे कर्म. कारण होते, आणि त्यावर उपाय होता. मऊ तळाचे, आत खिळा नसलेले पादत्राण हा त्यातला एक उपाय. मधुमेहाच्या पायालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून मधुमेह असेल तर बुटाचे माप देण्याआधी पायाची संवेदना तपासून घ्या. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून पाहतात. दुखत नाही आणि वेळही फार लागत नाही. पायाला जखम असेल, पाऊल सुजून गरम झाले असेल किंवा हाडाचा आकार बदलला असेल, तर बूट शिवणाऱ्याकडे जाऊ नका. आधी दवाखाना.

माप कसे द्यावे

१. माप संध्याकाळी द्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो.

२. कामावर जो मोजा घालता तोच घालून जा.

३. उभे राहून माप द्या, दोन्ही पायांवर सारखे वजन टाकून. बसलेल्या माणसाचे पाऊल आखूड आणि अरुंद भरते.

४. दोन्ही पाय कागदावर आखून घ्या. पेन्सिल उभी धरावी, आत तिरपी नको. दोन पाय क्वचितच अगदी सारखे असतात. मोठ्या पायाचे माप धरा.

५. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत घ्या. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते.

६. टेपने घेर घ्या: अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी एक, पावलाच्या उंचवट्यावर दुसरा, टाचेवरून तिरपा तिसरा. बूट उंच असेल तर घोट्याचा आणि जिथे बूट संपणार तिथला घेरही घ्या.

७. भोवरी, घट्टा, वर आलेले बोट, अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेले हाड यांवर कागदावर खूण करा आणि कारागिराला पाय दाखवा. लाजू नका.

बूट ज्या साच्यावर चढवतात त्याला फर्मा म्हणतात. बहुतेक कारागीर प्रत्येकासाठी नवा फर्मा बनवत नाहीत. जवळच्या मापाचा फर्मा घेऊन गरज असेल तिथे चामड्याचा तुकडा लावून तो वाढवतात. हे चालते, पण तुमच्या हाडाच्या जागी फर्मा वाढवला का, हे विचारून घ्या. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी आणि बोटे वर-खाली हलली पाहिजेत. “घालून घालून सैल होईल” यावर विसंबू नका. चामडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत वाढत नाही.

चामडे, अस्तर आणि तळ

खरे चामडे आणि रेक्झिन यांतला फरक कापलेल्या कडेला दिसतो. चामड्याच्या कडेला बारीक तंतू असतात, रेक्झिनखाली कापडाचा थर असतो. चामडे घाम काही प्रमाणात शोषते आणि हवा खेळू देते. अस्तरही चामड्याचे असले तर उत्तम. आतून हात फिरवा. बोटांवर येणारी जाड शिवण किंवा वर आलेला खिळा चालणार नाही. बधिर पायासाठी तळ शिवून किंवा चिकटवून घ्यावा, खिळे मारू नयेत, आणि आत एमसीआर नावाच्या मऊ रबराचा थर घालून घ्यावा. त्या थराची जाडी कारागिराला आधीच सांगा, नाहीतर तो घातल्यावर बूट वरून घट्ट होतो.

बुटामुळे खाज सुटली तर ती कुठे आहे ते पाहा. बोटांच्या बेचक्यात पांढरी, ओली कातडी असेल तर बहुधा चिखल्या, म्हणजे बुरशी. पावलाच्या वरच्या बाजूला, बूट लागतो तिथेच पुरळ असेल तर चामडे कमावताना वापरलेल्या क्रोमची किंवा चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते. दोन्हींवर औषध वेगळे आहे. मेडिकलमधून मलम आणून अंदाजाने लावू नका.

कुठे हा बूट चालणार नाही

गटार, नाला, ओला कचरा यांच्या कामाला चामडी बूट घालू नका. तो पाणी पितो आणि दिवसभर घाण पायाशी धरून ठेवतो. तिथे रबरी गमबूट हवा. जड लोखंड पडण्याची भीती असलेल्या कामाला आयएसआय खुणेचा सेफ्टी बूटच हवा, शिवून घेतलेल्या बुटाच्या टोकाची तशी चाचणी झालेली नसते. ही साधने देणे ठेकेदाराचे काम आहे. आपल्या पगारातून ती आणायची नसतात. आणि दिलेला गमबूट मापाचा नसेल तर माप बदलून मागणे हाही तुमचा हक्क आहे.

व्यवहार चोख ठेवा

मुंबईत धारावीत चामड्याचे जुने कारागीर आहेत. इतर शहरांतही विचारले की सापडतात. चिठ्ठी लिहून घ्या: दोन्ही पायांची मापे, चामडे, अस्तर, तळ, एकूण किंमत, दिलेला ॲडव्हान्स, तारीख, आणि बूट लागला तर दुरुस्ती कोण करणार. तळ पक्का करण्याआधी एकदा घालून पाहता येईल का, विचारा. मापाचा कागद स्वतःकडे जपून ठेवा. पुढच्या वेळी कामाला येतो. आणि घासाघीस करताना लक्षात ठेवा, हे हाताचे कौशल्य आहे. फार पाडून मागितले तर कारागीर अस्तरात आणि तळात कापतो, आणि ते आपल्याच पायाला भोगावे लागते.

पहिले पंधरा दिवस

नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला, तोही घरात. काढल्यावर पाय पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब पडतो आहे. बूट कारागिराकडे परत न्या. रोज थोडा वेळ वाढवा. घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळा, विंचू काहीही असू शकते. भिजला तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको, चामडे कडक होऊन तडकते.

भोवरी ब्लेडने कापू नका. मधुमेही माणसाने रात्री तळवा आरशात पाहावा, नजर कमी असेल तर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. जखम दिसली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जा. एका जखमेपायी ड्रेसिंगच्या खेपा आणि कामाचे खाडे किती होतात ते ज्या घराने सोसले आहे, त्या घराला बुटाच्या मापासाठी दिलेली एक संध्याकाळ महाग वाटत नाही.