विजयदुर्ग पाहावा तो पाण्याच्या बाजूने

देवगड तालुक्यात वाघोटन खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंना पाणी. जमिनीकडचा खंदक आता बुजलेला, त्यामुळे पायी सहज आत जाता येतं. शिलाहारांच्या काळापासूनचा हा घेरिया नावाचा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला, बळकट केला आणि त्याला आजचं नाव दिलं. तिहेरी तटबंदी, खलबतखाना, खूबलढा बुरूज पाहून बहुतेक लोक परततात. पण या किल्ल्याचं खरं बळ पाण्यात होतं.

खाडी आत वळत जाते, त्यामुळे मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्या गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं आत निर्धास्त नांगरून राहत. तटापासून काही अंतरावर पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत सापडली आहे. चालून येणाऱ्या जहाजाचा तळ तिच्यावर फुटावा, असा तिचा हेतू मानला जातो. १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच इथून हात हलवत परतले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र किल्ला पडला. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांवर रुसलेल्या पेशव्यांची फौज. तोफगोळ्याने एक जहाज पेटलं आणि आगीने आंग्र्यांचं आरमार गिळलं. मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्याच साहाय्याने जळालं, हे वाचताना आजही जीव तुटतो. पुढे बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचं आरमार सांभाळलं. त्यांच्या घराण्याचा वाडा गावात आहे.

हेलियमचा शोध इथे लागला, असंही सांगतात. पण खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इथे आले ते जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. हेलियमची वर्णरेषा त्यांनी त्याच्या सुमारे तीस वर्षं आधी इंग्लंडमध्ये टिपली होती. ग्रहणाच्या वेधांची गोष्ट काही कमी मोलाची नाही, तीच सांगावी.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा मराठा दुर्गांमध्येही तो आहे. समुद्राच्या माऱ्याने तट ढासळतो, त्याची डागडुजी व्हायलाच हवी. पण खाडीने थोडं आत गेलं की गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराची जुनी गोदी लागते. जहाजं बांधायची, दुरुस्त करायची जागा ती. तटासाठी येणारा पैसा आणि लक्ष तिच्यापर्यंतही पोहोचायला हवं. विजयदुर्गला जाणाऱ्याने ओहोटीची वेळ विचारून गिर्येलाही जावं.