घरची जुनी मोटार आणि शर्यतीचें वेड

मारुती ८०० ही छोटी गाडी १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत तिनें किती कुटुंबांच्या तीर्थयात्रा व लग्नकार्यें पार पाडलीं, याची गणतीच नाहीं. आतां अशी एखादी गाडी घराच्या आवारांत धूळ खात उभी असते, आणि एखादे चिरंजीव म्हणतात, "आजोबा, ही मला द्या, मी हिची शर्यतीची गाडी करतों." वडील मंडळी यास खूळ म्हणून मोकळी होते. आमचें मत निराळें आहे.

कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनीं याच गाडीचें, ७९६ घन सेंटिमीटरांचें, तीन सिलिंडरांचें इंजिन घेऊन एकासनी शर्यतीच्या गाड्या घडविल्या. त्या गाड्यांवर हात बसलेले नारायण कार्तिकेयन २००५ सालीं फॉर्म्युला वनपर्यंत पोंचले. तेव्हां खूळ म्हणून हिणविण्याजोगें यांत कांहीं नाहीं. मात्र कामाचा क्रम चुकतां कामा नये.

तरुणाचें लक्ष आधीं इंजिनाकडे, त्याहूनही आधीं गडगडाट करणाऱ्या धुराच्या नळीकडे जातें. आम्ही म्हणतों, इंजिनास सर्वांत शेवटीं हात लावावा. प्रथम ओझें उतरवावें. मागचें आसन, गालिचे, छताचें अस्तर हीं काढण्यास पाने आणि दोन रविवार पुरतात.

मग ब्रेक. येथें थोडें गणित करूं. चालकासह सव्वासातशें किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटरांवरून एकदां थांबविली, तर जी उष्णता उत्पन्न होते, ती जवळजवळ एक लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट! आणि धांवपट्टीवर जोराचा ब्रेक दर फेरींत अनेकदां लागतो. त्यांत ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. ताजें डॉट ३ तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत तग धरतें. तेंच ओलसर झालें कीं १४० अंशांच्या सुमारासही उकळूं शकतें. तेल दाबलें जात नाहीं, पण वाफ दाबली जाते. म्हणून तेल उकळतांच पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ होतो. यास्तव जुनें तेल काढून डॉट ४ भरावें व उष्णता सोसणारे ब्रेक-पॅड बसवावे. डॉट ५ भरूं नये. तें सिलिकोनचें असून जुन्या तेलाशीं मिसळत नाहीं.

त्यानंतर टायर आणि स्प्रिंगा. स्प्रिंग कापून गाडी खालीं बसविण्याची चाल अगदीं टाकाऊ आहे. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून निसटूं शकते.

पोलादी पिंजरा मात्र घरीं जोडूं नये. पाण्याच्या पाइपांचा पिंजरा हा पिंजराच नव्हे. त्यास योग्य प्रतीच्या पोलादी नळ्या आणि कसलेला वेल्डर हवा. पिंजरा बसला कीं शिरस्त्राण व खांद्यांवरून येणारे पट्टे यांवांचून आंत कोणींही बसूं नये, कारण धक्क्यासरशी डोकें त्या नळीवरच आपटतें. आईस मंडईंत नेण्यास ती गाडी यापुढें निरुपयोगी, हें घरांत आधींच ठरावें.

कायदाही पाहिला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें निर्णय दिला कीं, उत्पादकाच्या मूळ रचनेहून निराळी होईल अशा रीतीनें गाडी बदलतां येत नाहीं. म्हणजे ती रस्त्यानें न नेतां ट्रकवर चढवूनच न्यावयाची. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथें १९९० पासून पावणेचार किलोमीटरांची धांवपट्टी आहे. कोइमतूरची दुसरी करिवर्धन यांच्याच नांवाची आहे. पुण्याहून दोन्ही हजार किलोमीटरांपलीकडे.

खरा धोका या अंतरांतच आहे. धांवपट्टी दूर आणि महामार्ग दाराशीं, अशा स्थितींत रात्रीं अकरा वाजतां मुलगा किल्ली घेऊन कोठें जाईल, तें सांगावयास नको. तेव्हां ट्रकचें भाडें इंजिनाच्या खर्चाआधीं बाजूस काढून ठेवावें. आजोबांनीं कांहीं द्यावयाचें मनांत आणलें असेल, तर तेंच द्यावें.