प्रीॲम्पवाचून सीडी

चंदीगडजवळ खरड येथे एका मराठी स्नेह्यांच्या घरी भीमसेन जोशी यांची सीडी ऐकण्याचा बेत होता. ऐन वेळी पूर्वप्रवर्धक, म्हणजे आपला प्रीॲम्प, रुसला. मी शहाणपणा करून प्लेअर थेट मुख्य ॲम्प्लिफायरला जोडला. तानपुरा झंकारला मात्र, आणि स्पीकर फाटक्या आवाजात किंचाळून मुका झाला!

दोष यंत्राचा नव्हता. ग्रामोफोनच्या चुंबकीय पिकपमधून जेमतेम 5 मिलिव्होल्टचा संदेश निघतो. शिवाय तबकडी कोरताना दाबलेला खर्ज आणि चढविलेले उंच स्वर पूर्वपदावर आणावे लागतात. प्रीॲम्पचे मूळ प्रयोजन हे. 1982 साली जपानच्या बाजारात आलेला सीडी प्लेअर मात्र सामान्यतः कमाल 2 व्होल्ट देतो, आणि पुष्कळशा ॲम्प्लिफायरांना पूर्ण शक्तीने गर्जण्यास एक-दीड व्होल्ट पुरतो. अशा संदेशाला आणखी बळ कशाला द्यावयाचे? त्याला लगाम हवा.

पुढे नवा स्पीकर आला, तेव्हा 10 किलोओहमचा दुहेरी पोटेन्शिओमीटर मध्ये बसविला. त्यापुढची केबल हातभरच ठेवावी. फार लांबली तर उंच स्वर झिजतात. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा, सर्वांत आधी बंद करावा. आणि आवाजाचे बटण शून्यावर आहे ना, हे तत्पूर्वी पाहावे. स्नेह्यांनी त्या दिवशी मला बटणाला हात लावू दिला नाही.