ऐन भरातले चार तास

मुहम्मद अली व्यावसायिक मुष्टियुद्धात एकूण ६१ लढती लढला. त्यातली एकूण एक लढत पुरे पंधरा राउंड रंगली असती, असं क्षणभर धरू. तीन मिनिटांचा एक राउंड, म्हणजे लढतीची ४५ मिनिटं. ६१ लढतींचे झाले ४५ तास ४५ मिनिटं. एकवीस वर्षांची कारकीर्द, आणि प्रत्यक्ष मारामारी दोन दिवसांतही बसते! खरा आकडा तर याच्या बराच खाली आहे, कारण निम्म्याहून अधिक लढती त्यानं मुदतीआधीच उरकल्या.

पण आपला प्रश्न कारकिर्दीचा नाही, ऐन भराचा आहे. अली सर्वांत चांगला कधी होता? ज्यांनी त्याला सुरुवातीपासून पाहिलं, त्यातले बरेचजण १९६४ ते १९६७ ही वर्षं सांगतात. मलाही ते पटतं. म्हणून त्या काळातले राउंड मोजू.

२५ फेब्रुवारी १९६४ला मायामी बीचवर सनी लिस्टन सातव्या राउंडसाठी स्टुलावरून उठलाच नाही, आणि बावीस वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला. ते ६ राउंड. पुढच्या वर्षी लिस्टन पुन्हा समोर आला आणि पहिल्याच राउंडमध्ये आडवा झाला. पॅटरसन बारा, शुव्हालो पंधरा, कूपर सहा, लंडन तीन, मिल्डेनबर्गर बारा, विल्यम्स तीन, टेरेल पंधरा आणि २२ मार्च १९६७ला झोरा फोली सात. बेरीज बरोबर ८०. म्हणजे २४० मिनिटं, चार तास. शेवटचे राउंड बरेचदा अर्धवटच संपले, तेव्हा चारलाही थोडे कमीच. मधली मिनिटभराची विश्रांती यात धरलेली नाही, स्टुलावर बसून कोणी भरात येत नाही.

त्या चार तासांमधलाही कळस शोधायचा तर ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये जावं लागेल. १४ नोव्हेंबर १९६६, समोर क्लीव्हलंड विल्यम्स. अली हात कमरेशी सोडून गोल फिरतोय, विल्यम्सचा ठोसा येतो तिथून त्याचं डोकं तेवढ्यात मागे सरकलेलं असतं, आणि परत येताना जॅब लागलेला असतो. विल्यम्स चार वेळा खाली गेला. एकूण वेळ ७ मिनिटं ८ सेकंद. हेवीवेट गटात इतकं देखणं काम पुन्हा कुणी केलं नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. फक्त एक विसरू नये: विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागून एक मूत्रपिंड गमवावं लागलं होतं. कौतुकात तेवढी सूट धरावीच लागते.

फोलीच्या लढतीनंतर पुढच्याच महिन्यात अलीनं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, परवाना गेला. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला २६ ऑक्टोबर १९७०ला. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. लिस्टनला हरवल्यापासून फोलीपर्यंतचे दिवस ११२१. फोलीनंतर रिंगबाहेरचे दिवस १३१४. जगातल्या सर्वश्रेष्ठ म्हणवल्या गेलेल्या मुष्टियोद्ध्याचा भर जितका टिकला, त्याहून जास्त काळ तो घरी बसून होता! पंचवीस वर्षांचा गेला, अठ्ठाविसाव्याची अखेर गाठून परतला. त्या दरम्यान तो काय झाला असता, हे कोणालाच कधी कळणार नाही.

गंमत अशी, की लोकांच्या तोंडी ज्या लढती आहेत त्या सगळ्या यानंतरच्या. फ्रेझरशी १९७१, किन्शासात फोरमनशी १९७४, मनिलात पुन्हा फ्रेझरशी १९७५. बंदीआधी २९ लढती, पराभव शून्य. बंदीनंतर ३२ लढती, पाच पराभव. एकट्या फ्रेझरशी तीन लढतींत ४१ राउंड, म्हणजे भरातल्या सबंध काळाच्या निम्म्याहून जास्त मार एकाच माणसाशी देवघेवीत गेला. आधी अली ठोसा चुकवायचा. आता तो झेलायचा. किन्शासात दोरांना टेकून फोरमनला दमवणं ही अक्कल होती, पण ती पाय थकल्यावर सुचलेली अक्कल होती.

पाय का थकतात? डोळ्यांना दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. चांगला जॅब त्याआधीच पोचलेला असतो. म्हणून पट्टीचा बॉक्सर ठोसा बघून चुकवतच नाही. तो समोरच्याचा खांदा आणि पाऊल वाचून आधीच निघालेला असतो. वयाबरोबर हे वाचन सुधारतं, पण शरीर सांगितलेल्या जागी वेळेवर पोचत नाही. ज्याचा सगळा बचाव मान इंचभर मागे घेण्यावर उभा, त्याला अर्धा इंचही महागात पडतो.

माइक टायसनचा राउंडांचा हिशेब तर आणखी आखूड. २२ नोव्हेंबर १९८६ला विसाव्या वर्षी जगज्जेता, ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत बस्टर डग्लसकडून चीत. ११७७ दिवस. अलीसारखाच नऊ वेळा किताब राखला, आणि किताब जिंकल्याची लढत धरून राउंड लागले ५२. फार तर २ तास ३६ मिनिटं. मध्यंतर वगळून एका हिंदी सिनेमाएवढी दहशत. तेविसाव्या वर्षी सगळं संपलेलं!

मग जो लुईचं काय? सलग ११ वर्षं ८ महिने जगज्जेता, पंचवीस वेळा किताब राखला. आकडा डोळे दिपवतो, पण त्यातल्या २१ लढती मार्च १९४२पर्यंतच्या, पावणेपाच वर्षांतल्या. मग युद्ध, सैन्य, चार वर्षांहून अधिक खंड. त्यानंतर उरलेल्या चारच.

वर्षांत मोजायचं की लढतींत, हा प्रश्न शुगर रे रॉबिन्सन आणखी अवघड करून ठेवतो. फेब्रुवारी १९४३मध्ये तो जेक लामोटाकडून हरला, आणि त्यानंतरचा पराभव थेट जुलै १९५१ला, लंडनमध्ये रँडी टर्पिनकडून. मधल्या सलग ९१ लढतींत त्याला कोणी हरवू शकलं नाही. फ्लॉइड मेवेदर अजिंक्य निवृत्त झाला तो उभ्या कारकिर्दीत ५० लढती लढून. माझ्या लेखी हा सामना एकतर्फी आहे.

आणि जॉर्ज फोरमन. किन्शासात अलीसमोर उभा राहीपर्यंत जगज्जेतेपदाच्या तीन लढतींत मिळून त्यानं रिंगमध्ये पंधरा मिनिटंही घालवली नव्हती: फ्रेझर दुसऱ्या राउंडात, रोमन पहिल्या, नॉर्टन दुसऱ्या. तो किताब गमावल्यावर २० वर्षं ६ दिवसांनी, ५ नोव्हेंबर १९९४ला, त्यानं मायकेल मूररला झोपवून तो परत मिळवला. वय ४५, वजन २५० पौंड. नऊ राउंड तिन्ही गुणपत्रिकांवर तो मागे होता, दहाव्यात उजवा हात लागला. याला भर म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पाय आधी जातात, मग नजर, ताकद सगळ्यात शेवटी. फोरमननं ते शेवटचं शिल्लक वसूल केलं. बर्नार्ड हॉपकिन्स ४९व्या वर्षीही जगज्जेता होता, पण तो तरुणपणापासून मार खायलाच फारसा राजी नव्हता.

आपल्या मेरी कोमनं २००२ ते २०१८ या सोळा वर्षांत सहा वेळा जागतिक सुवर्ण जिंकलं. तो हौशी गटाचा खेळ, दिल्लीतली २०१८ची अंतिम लढत पुरती चालून ९ मिनिटांची. कमी राउंड, कमी मार, जास्त वर्षं. तरी पाचव्या आणि सहाव्या सुवर्णात आठ वर्षांचं अंतर आहेच.

नोव्हेंबर २०२४मध्ये ५८ वर्षांचा टायसन जेक पॉलशी लढला. दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड, स्टेडियममध्ये सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षक. १६ मिनिटांत टायसननं ९७ ठोसे टाकले, त्यातले १८ लागले. १९८८ला मायकेल स्पिंक्सला संपवायला त्याला ९१ सेकंद पुरले होते. टोकियोत टायसनचा भर ओसरला, त्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी जेक पॉल जन्माला आला.