गव्हाची ओंबी आणि तिच्यातील रिकामी घरे

गहू निसवला म्हणजे शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. लांब, कुसळदार, एकसारख्या ओंब्यांचे शेत बांधावरून पाहिले की उत्पन्नाचा अंदाज तेथल्या तेथे बांधला जातो. महसुली कारकुनी करीत असता प्रस्तुत लेखकानेही असे अंदाज पुष्कळ बांधले. ओंबीची लांबी पाहावी, पिकाची दाटी पाहावी आणि चौदा आणे पीक म्हणून मोकळे व्हावे, अशी ती रीत. आणेवारीची पैसेवारी झाली, तरी डोळ्यांची सवय तीच राहिली.

एका वर्षी ह्या सवयीने माझी चांगलीच फजिती केली. पुणे जिल्ह्यातील एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याचा गहू पाहून मी सर्वांदेखत म्हणालो, “आबा, एकरी वीस क्विंटलांस मरण नाही.” त्या बोलावर विसंबून आबांनी मुलीच्या लग्नाची बोलणी पुरी केली. मळणी झाली तेव्हा एकरी तेरा क्विंटल भरले. ते मला एवढेच म्हणाले, “भाऊसाहेब, ओंबी तर तुम्हीही पाहिली होती. दाणे गेले कुठे?” त्या वेळी मजपाशी उत्तर नव्हते. पुढे वाचून, विचारून आणि स्वतः ओंब्या सोलून जे कळले, ते येथे देत आहे.

ओंबीच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंस आलटून पालटून लहान लहान झुबके असतात. शास्त्रात त्यांस कणिशके म्हणतात. साधारण ओंबीत ती पंधरा ते वीस असतात. प्रत्येक कणिशकात एक फूल नसून अनेक फुले असतात. आरंभी आठ-दहा फुलांचे कोंभ धरतात; दाणा मात्र दोनांत, तिनांत, फार तर चारांत भरतो. बाकीची फुले ओंबी बाहेर पडण्यापूर्वीच पोटरीत सुकून जातात. ही गळ बाहेरून दिसत नाही, आणि तिने ओंबीची लांबीही कमी होत नाही. घर उभे, पण आत माणूस नाही, अशी ती स्थिती होय.

फुलाची रचना भिंगातून पाहण्याजोगी आहे. दोन तुसांच्या आत तीन पुंकेसर आणि एक गर्भाशय, त्यावर पिसासारखे दोन तुरे. तळाशी दोन बारीक खवले असतात. ते पाण्याने फुगले की तुसे विलग होतात. बाहेर लोंबणारे पिवळे परागकोश पाहून आपण गहू फुलोऱ्यात आला म्हणतो. परंतु बहुधा त्याआधीच पराग आतल्या आत तुऱ्यावर पडून गर्भधारणा झालेली असते. बाहेर दिसतात ती बव्हंशी रिती झालेली भांडी. ओंबी मध्यभागी प्रथम फुलते व तेथून वर आणि खाली फुलत जाते. म्हणून शेंड्याची व बुडाची कणिशके नेहमीच दुबळी राहतात.

आता दाण्यांचा हिशेब मांडू, कारण आकड्याशिवाय कारकुनाचे समाधान होत नाही. चौरस मीटरात 350 ओंब्या, ओंबीस 40 दाणे आणि दाण्याचे वजन 40 मिलिग्रॅम धरले, तर 14,000 दाण्यांचे 560 ग्रॅम होतात. म्हणजे एकरी सुमारे साडेबावीस क्विंटल. ओंबीस 24 दाणे असतील, तर तेच शेत साडेतेरावर येते. ओंबीमागे एक दाणा उणा म्हणजे एकरी अर्ध्या क्विंटलाहून अधिक तूट! दाणे थोडे असले म्हणजे ते किंचित टपोरे होतात खरे, पण त्याने तूट भरून निघत नाही.

ही फुले मरतात कशाने? कणिशकांची संख्या पीक कांडी धरू लागते त्या सुमारास ठरून जाते. तेव्हा ओंबी बोटाच्या पेऱ्याहूनही पुष्कळ लहान, जमिनीलगत पानांच्या वेढ्यात असते. पुढे खोड भराभर वाढते आणि त्याच वेळी आतील फुलेही अन्न मागतात. खोडाने अधिक ओढले तर फुले उपाशी राहतात. नॉरिन 10 ह्या जपानी गव्हाचा ठेंगूपणा घेऊन मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग ह्यांनी ज्या जाती तयार केल्या, त्यांच्या यशाचे एक कारण हेच की, आखूड खोडास कमी लागते आणि वाचलेले ओंबीस मिळते. त्या बियाण्याचे 18,000 टन भारताने 1966 साली आणविले. पीक लोळत नाही एवढाच त्याचा गुण आपण सांगत आलो, ते अपुरे आहे.

फुलोऱ्यापूर्वी आठ-दहा दिवस पराग तयार होत असतात. ह्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर पराग वांझ निघतात. उष्म्याचेही तसेच. पेरणी लांबली की थंडीचे दिवस आखडतात, झाड घाईने निसवते, आणि कणिशके व फुले दोन्ही थोडी धरतात. म्हणून उशिराच्या पेरणीस निफाडच्या संशोधन केंद्राची एनआयएडब्ल्यू 34 ही जात सांगतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस 6478 ही जात सुमारे 110 दिवसांत तयार होते.

अर्थात कितीही जपले तरी जातीच्या स्वभावापलीकडे जाता येत नाही. आपल्या खपलीच्या कणिशकात बहुधा दोनच दाणे भरतात. वरची फुले दाबून ठेवणारा एक गुणसूत्रांश 2019 साली जपान, जर्मनी व इतर देशांतील संशोधकांनी शोधून काढला. तो दुबळा झालेल्या गव्हात अधिक फुले फळतात असे त्यांस दिसले.

आता आबांच्या शेताकडे वळतो. त्यांच्या विहिरीस चारच पाण्यांचा आधार होता. पहिले त्यांनी एकविसाव्या दिवशी दिले, ते योग्य. दुसरे चौतिसाव्या दिवशी दिले. उरलेली दोन दाणा भरण्यासाठी राखली आणि बहात्तराव्या दिवसापर्यंत पीक कोरडे ठेवले. म्हणजे फुले जगण्याचा आणि पराग होण्याचा सगळा काळ तहानेत गेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी: एकच पाणी असेल तर 40 ते 42 दिवसांनी द्यावे, दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी, तीन असतील तर ह्या तिन्ही वेळा. आबांचे पाणी कमी नव्हते, वेळा चुकल्या होत्या. मागून दिलेल्या पाण्याने होते तेवढे दाणे टपोरे झाले, इतकेच.

नजरेचा हा धोका सरकारी कामातही जुनाच आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी 1940 नंतरच्या काळात, चिठ्ठी टाकावी तसा तुकडा निवडून त्यातील पीक कापून तोलण्याची पद्धत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. शेतकऱ्यास एवढा खटाटोप नको. फुलोरा होऊन पंधरा दिवस झाले म्हणजे शेताच्या निरनिराळ्या भागांतून, डोळे झाकून, वीस ओंब्या खुडाव्या. चांगल्या निवडण्याचा मोह होतो. मला अजून होतो. ओंबी उजेडासमोर धरली की रिकामी तुसे पारदर्शक दिसतात. मग दाणे मोजून सरासरी काढावी.

दुसऱ्या वर्षी आबांनी तिसरे पाणी बेचाळिसाव्या दिवशी दिले आणि शेवटचे बासष्टाव्या. फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा ते बांधावर बसून ओंब्या चुरीत होते. मला अंदाज विचारला नाही. वीस ओंब्यांत 760 दाणे निघाले, असे आपणच सांगितले, आणि मूठभर माझ्या हातावर ठेवले.